दोनशे चौदाची किल्ली

एकतीस वर्षं मी या इमारतीच्या किल्ल्या सांभाळतो.
पत्र्याचं खोकं, आकड्यांवर आकडे,
आणि प्रत्येक किल्लीचा आपला हट्ट:
भौतिकची डावीकडे दाबून फिरते,
ग्रंथालयाची थंडीत अडते, तिच्यावर फुंकर घालावी लागते.

मार्चमध्ये, तळ्यावरचा बर्फ अजून चालण्याजोगा होता तेव्हा,
रीगाहून चौघं आले.
पडद्यावर दोन चित्रं. आजचं विद्यापीठ: नऊ चौकोन.
उद्याचं: तीन वर्तुळं.
पुनर्रचना, पुनर्रचना म्हणत राहिले.
मागच्या बाकावर स्तानिस्लाव्स सर
दर खेपेला खडूनं एक रेघ ओढत होते.
सव्वीस.

नव्या कुलगुरूला शिव्या द्यायला मला आवडलं असतं.
पण तो आमच्याच हातचा पोरगा, आइवार्स,
वसतिगृहाची किल्ली दोनदा हरवलेला.
रात्री अकराला त्याच्या खोलीत दिवा,
टेबलावर जन्मनोंदीचे कागद.
"डोनात, बघ. मी जन्मलो त्या वर्षी अकराशे सहा.
गेल्या वर्षी एकशे एकोणनव्वद.
किती चौकोन भरू यांतून?"
मी काय बोलणार.
मी किल्ल्या मोजतो, पोरं नाही.

उन्हाळ्यात भौतिक गेलं.
इतिहास 'समाज आणि नवोपक्रम'मध्ये विरघळला.
तत्त्वज्ञानाचा एकच विद्यार्थी उरला होता,
तो आपणहून गेला, पोलंडला, ट्रक चालवायला.
अन्नतंत्र वाचलं, कारण पावाचा कारखाना पैसे देतो.
विद्यापीठातलं पीठ तेवढं टिकलं, मी म्हटलं.
कुणी हसलं नाही.
दारांना कार्डं आली. खोकं हलकं झालं.

दोनशे चौदा म्हणजे बोलीविभाग.
वेनेरांदा बाईंचे अठ्ठ्याहत्तर खण,
खणांत चिठ्ठ्या: शब्द, कुणाच्या तोंडचा, कुठल्या गावचा,
धार काढताना म्हटलेला की शवपेटी उचलताना.
सगळं तळघरात न्यायचं ठरलं.
ढकलगाडी मीच ओढली. बाई मागून चालत होत्या
मयतामागं चालतात तशा,
फक्त हातात सफरचंद होतं, आणि ते त्या खात होत्या.

सप्टेंबरात पहिलं वर्तुळ उघडलं.
परिचर्या. संध्याकाळचे वर्ग. वयाची अट नाही.
रांगेत माझी बहीण लेओंतीना, त्रेपन्न वर्षांची,
आयर्लंडच्या अळंबीच्या शेडमध्ये सोळा वर्षं काढून परतलेली,
बोटांना अजून तो ओला वास.
"तू?"
"मग कोण? पोरं संपली, आम्ही आहोत की."

वृद्धाश्रमात तिची पहिली पाळी.
नव्वदीची एक बाई विव्हळत होती.
रशियन विसरली, लातवियन विसरली,
उरली ती आईची बोली.
डॉक्टर रीगाचा. विचारत होता: एक ते दहा, किती?
ती आकडा नाही, शब्द सांगत होती.

त्या रात्री लेओंतीना माझ्या दारात:
"तळघराची किल्ली दे."

आता गुरुवारी साडेपाच ते सात. एक श्रेयांक. हीटर बंद.
अंगात कोट तसाच ठेवून
वेनेरांदा बाई दुखण्याचा खण उघडतात:
ठणकणं वेगळं, ठसठसणं वेगळं.
चमक येते नि जाते.
कळ जाते, पण रस्ता लक्षात ठेवून.
चुरचुर कातडीची, सल कुणाच्या बापाला न सापडणारा.
तेवीस बायका, दोन पुरुष लिहून घेतात.

बाकीचे सत्त्याहत्तर खण बंदच आहेत.
नांगराचा, बर्फाचा, लाजेचा.
आइवार्स कधी दारात येऊन उभा राहतो,
म्हणतो, बघू, पुढच्या आराखड्यात.
स्तानिस्लाव्स सरांचं पत्र नाही.

तळघरात ओल फार, कार्ड चालत नाही.
म्हणून मी.

काल जेवताना लेओंतीनानं माझा गुडघा चाचपला.
"कसा दुखतो?"
"दुखतो."
"डोनात, नीट सांग."
मी चमचा खाली ठेवला
आणि आठवायला लागलो.