सदुसष्टनंतर

औलूच्या दंतचिकित्सालयात, तिसऱ्या मजल्यावर,
डिसेंबरातला दुपारी तीनचा अंधार.
मी तौनोच्या कपाळाला पट्टा बांधला,
खालच्या दातांना चिकटवली सेन्सरची हलकी काडी,
आणि म्हटलं, उघडा. मिटा. उजवीकडे. डावीकडे.
आता साठपासून मोजा, सावकाश.

पडद्यावर त्याचंच हाड.
कवटी राखाडी, खालचा जबडा निळा,
ना ओठ, ना जीभ, ना ती पांढरी खुरटी दाढी.
दातावर दात टेकला की तिथे लाल ठिपका.
डावा सांधा अर्धा मिलिमीटर घसरतो,
जुन्या कुलपात किल्ली फिरावी तसा.

एकसष्ट, बासष्ट, सदुसष्टपर्यंत सगळं सरळ.
मग चार सेकंद भलतंच.
रेषा वाट सोडून कुठेतरी जाऊन आली.
कॉम्प्रेसरच्या घरघरीत मला काही ऐकू आलं नव्हतं.
ढेकर असेल. आवंढा असेल.
मी तेवढा तुकडा निवडला, पुसायला.

डॉक्टर सैनियो दाढा बघत होत्या:
नदीतल्या गोट्यांसारख्या गुळगुळीत.
"झोपेत दात खाता का?"
तौनोने खांदे उडवले.
उत्तर दिलं हिल्क्काने, जरा मोठ्यानेच,
स्वतःचा आवाज ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासारखं:
"झोपेत कशाला? तीस वर्षं झाली मी बहिरी होऊन.
एकेक गोष्ट तीनतीनदा सांगतो बिचारा.
दाताच्या कण्या केल्यात माझ्यापायी."

आणि मग तिचं लक्ष पडद्याकडे गेलं.

तुकडा पुन्हा पुन्हा फिरत होता.
निळं हाड खाली, किंचित पुढे,
थांबून, डावीकडून वर.
तिने चष्मा पुसला. जवळ आली.
माझ्या हातावर हात ठेवला,
माउसवरच्या.

"पुसू नका," म्हणाली,
"तो विचारतोय, तुला थंडी वाजते का."

मी तौनोकडे पाहिलं.
तो बुटाचे बंद बांधण्यात गढलेला,
कान लाल.

"वाजते थोडी," ती म्हणाली.
त्याला नाही. कवटीला.

तौनो उठला, खुंटीवरचा तिचा कोट घेऊन आला.
अहवालात मी लिहिलं: सदुसष्टनंतरची नोंद
अभ्यासासाठी अग्राह्य.
फाइल मात्र ठेवली. दिवे मालवताना
जबडा अजून विचारतच होता.