जिन्याखालचं टेबल

प्राचार्य पाटीला तयार नव्हते.
म्हणाले, नाव काय देणार? कागद नसलेल्यांचा कक्ष?
म्हणून पाटी नाही.
देवगडच्या कॉलेजात, जिन्याखाली,
जिथे आधी कॅरमबोर्ड उभे करून ठेवत,
तिथे टेबल, दोन खुर्च्या, गोंद, शाईचा पॅड,
आणि बुधवारी-शनिवारी अडीचनंतर मी.
बत्तीस वर्षं खिडकीच्या आतून
एक कागद कमी आहे, म्हणालो.
आता बाहेर बसून तोच शोधतो.

धनसरा साउद आली ती चपला हातात घेऊन.
बारावीला अठ्ठ्याहत्तर टक्के.
'बाबा राखणीक आसत, पडवण्याच्या बागेत.
मी थंयच जलमलंय,' म्हणाली
माझ्याहून नितळ मालवणीत.
बापाचं गाव नेपाळात, तिनं न पाहिलेलं.
पुरावा? मी विचारलं. सवय जात नाही.
'मांगर आसा,' म्हणाली. 'तेका इचारा.'

तर आम्ही मांगराला विचारायला गेलो.
फवारणीचे पाइप, पेंढा, वानरांना हाकलायचा पत्र्याचा डबा,
भिंतीवर कोळशाने उंचीच्या रेघा,
एकीखालीही साल नाही.
शेजारच्या शेवंती मुणगेकरणीने तिला हातात घेतलेलं.
आता तिला ऐकू कमी येतं, म्हणून प्रश्न ओरडून विचारले.
'फयानाच्या आदल्या साली,
मोहर फुटाच्या टायमाक.'
तारीख?
'तारीख कोण बघता? मी नाळ बघी होतंय.'

प्रतिज्ञापत्राला हे चालत नाही.

ग्रामपंचायतीत ग्रामसेवकाने वही काढली.
नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी.
त्या थंडीत गावात सात जन्मले,
आठवी माझ्याशेजारी उभी राहून वाचत होती.
'सदर नोंद आढळून येत नाही.'
सही, गोल शिक्का, जावक क्रमांक.
तिला मिळालेला हा पहिला सरकारी कागद:
ती नाही, असं सांगणारा.
तिने तो दोनदा वाचला,
प्लास्टिकच्या पिशवीत घातला,
आणि पिशवीचं तोंड रबराने बांधलं.

टेबलावर आणखीही कोणी कोणी येतात.
सुगंधा निकमला पन्नास सालचे आजोबा हवेत,
आजोबा कोळशाच्या भट्टीवर,
भट्टी दरवर्षी वेगळ्या डोंगरात.
आनंदवाडीच्या बंदरावरून येतो एक खलाशाचा मुलगा,
त्याच्या दाखल्यावर बापाचं नाव होडीच्या मालकाचं पडलंय.
मला सगळं येत नाही.
ओरोसला फोन करतो, धरून ठेवा म्हणतात, धरून ठेवतो.
बिस्किटांच्या डब्यात शिक्षकांचे महिन्याचे शंभर-शंभर,
त्यातून एसटीचा पास, स्टॅम्पपेपर, कधी नुसता वडापाव.

धनसराचा बाप एकदाच आला.
खुर्चीत बसला नाही.
'फी माफ नको सर. मुदत द्या.'

प्रवेश दिला. हजेरीपटावर नावापुढे
'तात्पुरता', पेन्सिलीने.
शाईने लिहा म्हणून वरून दोनदा सांगून झालं.
माझं पेन्सिलीवर भागतं.

एप्रिलात पडवण्याला गेलो, तिची सही राहिली होती.
खळ्यात बसून ती आंब्यांना स्टिकर लावत होती.
प्रत्येकाला वेगळा नंबर, त्यात बागेचं नाव.
पुण्यात कोणी फोन धरला
तर फळ सांगतं आपण कुठले.
'शेकड्याक धा रुपये,' तिने न विचारता सांगितलं,
अंगठ्याचा गोंद परकराला पुसला
आणि सही केली.
स्टिकरांबद्दल मी काही बोललो नाही. तीही नाही.

निघताना तिच्या आईने
डागी म्हणून वेगळे काढलेले पाच आंबे दिले.
मी नको म्हणालो. लाच वाटेल.
तिला शब्द कळला नाही,
धनसराने आईच्या भाषेत सांगितला,
दोघी बराच वेळ हसल्या.

घरी कापले. चार गोड होते.
एक आंबट निघाला, तोही खाल्ला.

अर्ज प्रांतांच्या टेबलावर आहे.
बुधवारी परत कणकवलीला जायचंय,
म्हणून टेबलावर चिठ्ठी ठेवलीय:
शनिवारी या. कागद नसले तरी या.