रिकामी नोंद

महिनाअखेर. भूपाल मगदूमांचा निरोप:
"मॅडम, तासांचा हिशोब तेवढा पाठवा."
वही मी कधी ठेवली नाही.
काळ्या खिडकीत लिहिते 'गिट लॉग', एन्टर,
आणि महिना उलटा घरंगळत येतो
एकतीसपासून एकपर्यंत.

दुरुस्ती. पुन्हा दुरुस्ती. आता तरी.
तासगावच्या पेट्यांचं वजन, दशांशासकट.
रात्री दोन सत्तेचाळीस: झोपते.
हे कुणासाठी लिहिलं होतं मी?

हिशोबाची आज्ञावली माझीच, बारा ओळींची.
दोन नोंदींत दोन तासांच्या आतलं अंतर, तर काम.
त्याहून जास्त, तर बाई उठून गेली.
पहिल्या नोंदीआधी अर्धा तास धरायचा;
दुकान उघडायला, झाडायला तेवढा लागतोच.
बेरीज: एकसष्ट तास दहा मिनिटं.

पण अकरा तारीख.
सकाळी नऊ वीस, मग थेट संध्याकाळी सहा पाच.
सहा पाचला बदललेली ओळ एकच:
मध्यरात्रीनंतर कोल्ड स्टोरेजला उतरलेला बेदाणा
आदल्या दिवसाच्या खात्यात पडायचा,
कारण सर्व्हरचं घड्याळ परदेशी,
आपल्या साडेपाच तास मागं.
या ओळीला आज्ञावलीनं अर्धा तास दिला.

त्या दिवशी मी होते कुठं?
समोर. मिरजेच्या आमच्या गल्लीत, नूरुद्दीनचाचांकडं,
टांगलेल्या भोपळ्यांच्या खाली, स्टुलावर.
चाचा सतारीच्या घोडीवर कानस फिरवत होते.
एक घासा. तार चढव, छेड, ऐक, तार उतरव.
पुन्हा एक घासा.
दुपार सरली, घोडी होती तशीच दिसत होती.
मी नुसती बघत होते, आणि डोक्यात कुठंतरी
पेट्यांनी भरलेला टेम्पो बारा वाजता
गेटवर अडला होता: आजचा की कालचा?
चहा आला. अजान झाली, चाचा उठले.
मी तिथंच.

"जवारीचे तास कसे लावता, चाचा?"
"तास कशाचे गं?" त्यांनी कानशीवरची पूड फुंकली.
"आवाज उघडला की पैसे. नाही उघडला,
तर घोडी फुकट गेली, अन् मीबी."

मगदूमांना हे कसं सांगायचं?
तारखा मागं नेता येतात. सांगाल ती वेळ
गिट निमूट लिहून घेतं.
एक वाजता, अडीचला, चारला,
तीन नोंदी घुसवल्या की दिवस भरला.
पहिली टाइप करून झाली होती. खोडली.

एक मुभा आणखी असते,
काहीही न बदलता नोंद करायची.
ती केली: "अकरा तारीख. बघत बसले. पाच तास."
(चहाचे आणि भोपळ्यांच्या भावाच्या गप्पांचे वजा करून.)

बारा वाजून वीस मिनिटं झाली होती.
माझ्याकडं महिना उलटला,
सर्व्हरवर अजून एकतीसच.

बिल: सहासष्ट तास दहा मिनिटं.
मगदूमांनी विचारलंच तर पडदा दाखवीन,
ज्यावर एकही हिरवी ओळ नाही,
एकही तांबडी नाही.