माया

तेइको पहिल्यांदा आला तेव्हा कंबर सव्वीस.
बुकोमच्या गल्लीत, माझ्या मशीनसमोर
एका पायावर उभा, दुसऱ्या पायानं पोटरी खाजवत.
वजन पन्नास किलो, तेही आईच्या मासळीच्या काट्यावर,
म्हणजे दोनेक किलो इकडेतिकडे.
शेजारचा सोवा त्या आठवड्यात एका कोळ्यासाठी
माशाच्या आकाराची शवपेटी करत होता.
अस्तराचं निळं सॅटिन उरलं होतं,
त्यातून झाली तेइकोची पहिली चड्डी.
कापड कुठलं ते त्याला सांगितलं नाही.
शिवणीत माया मात्र भरपूर ठेवली,
वाढत्या अंगाचं पोर.

माशीच्या गटात तो सोळा वेळा लढला.
वजनाच्या आदल्या रात्री कचऱ्याची काळी पिशवी गुंडाळून
दीपगृहापासून धक्क्यापर्यंत पळायचा,
मग माझ्या पायरीवर बसून बाटलीत थुंकायचा.
शेवटचे दोनशे ग्रॅम थुंकीतूनच जायचे.
समोर त्याची आई केंकी उकडायची
आणि वास त्याच्यापर्यंत जाऊ नये म्हणून
झाकण हातानं दाबून धरायची.

पुढे कोंबडा. त्याच्या पुढे पीस.
गटांची नावं अशीच आहेत, गोऱ्यांनी ठेवलेली.
कोंबड्याहून पीस जड!
हे ठरवणाऱ्यानं कधी कोंबडी सोलली नसणार.
पण पट्टा मिळाला तो पिसातच,
हँबर्गमध्ये, नवव्या फेरीत.
तो परत आला तेव्हा होमोवोच्या आधीचे दिवस,
गावात ढोलाला बंदी.
अख्खी गल्ली मुक्यानं नाचली.
पायांचा आवाज, फक्त पायांचा,
आणि मधे तो, खांद्यांवर, लाजलेला.

दर गटाला चड्डी माझ्याकडेच यायची.
उसवायची, थोडी माया सोडायची, पुन्हा टीप.
सॅटिन बाहेरून विटलेलं, आतलं अजून कोरं निळं,
त्यामुळे कमरेच्या दोन्ही अंगांना
एकेक गडद पट्टी दिसू लागली.
टीव्हीवाल्यांना ती फॅशन वाटली.

लाइटवेटला माया संपली.
मी म्हटलं, नवी शिवते.
तो म्हणाला, ह्यालाच जोड लाव.
जोड दिसेल रे.
दिसू दे.

त्या दिवशी बॉबिन भरेपर्यंत बसला होता, तेव्हा बोलला.
खाली ज्या ठोशानं माणूस निजायचा,
त्याच ठोशाला इथला माणूस
नुसती मान हलवतो,
ऐकलं, म्हटल्यासारखी.
मी त्याचं मनगट टेपनं मोजलं, उगीच.
सव्वीस कमरेच्या वेळी होतं तेवढंच.

वेल्टरचे पैसे चौपट होते.
अट्टुक्वे मास्तर नको म्हणाला, मग गप्प झाला.
ज्यानं जन्मभर उपाशी राहून काटा खाली आणला
तो आता भरल्या पोटी जेवायचा,
आई वाढायची, तो डोळे पुसत गिळायचा.
काहीच अंगी लागत नव्हतं, नुसतं अंगावर चढत होतं.
शेफील्डमध्ये सातव्या फेरीत मास्तरनं टॉवेल टाकला.
आमचे कोळी मंगळवारी समुद्रात जात नाहीत,
त्यालाही विसावा लागतो म्हणतात.
ती लढत मंगळवारची होती.
गल्लीत कुणी ते बोलून दाखवलं नाही.

काल पुन्हा आला.
मास्तर गेला, शनिवारी माती,
काळी पँट हवी.
मी टेप काढली तर त्यानं चपला काढल्या,
घड्याळ काढून मशीनवर ठेवलं,
फुफ्फुसं रिकामी केली
आणि पोट आत ओढून, समोर बघत उभा राहिला.
दारातली पोरं हसली.
मी हसले नाही.
श्वास घे, म्हटलं, इथे काटा नाहीये.

बराच वेळ लागला त्याला.
मग हळूहळू टेप माझ्या बोटांतून सरकत गेली,
छत्तीस, सदतीस,
आणि साडेसदतीसला थांबली.
वहीत लिहिलं.
खाली, नेहमीसारखं: माया, दोन इंच.
तो म्हणाला, आता कशाला?