गणपूर्ती

महिन्यातला दुसरा मंगळवार, रात्री साडेआठ.
शटर अर्धं ओढून मी व्यापारी असोसिएशनचा जिना चढतो,
काखेत इतिवृत्ताची वही.
अक्षर चांगलं म्हणून सचिव केलं, अकरा वर्षं झाली.
अक्षर काही बिघडेना.

सतरंजी पंधरा जणांची.
वर मी, किराणावाले चिद्रेवार, आणि जब्बारभाई अत्तार,
जे पथदिवे समितीवर आहेत, पाणी समितीवर आहेत,
आणि तक्रार निवारणावर
घरी न विचारता आहेत, असं तेच सांगतात.

"येलालाव का?" फोनवर फोन.
मलगे जेवलालेत. बिरादार लातूरला.
शेटकारांकडं नुसतं गाणं वाजतंय.

मी लिहितो: गणपूर्तीअभावी सभा तहकूब.
अर्ध्या तासाने, याच जागी, हीच सभा.
तेव्हा मात्र गणपूर्तीची अट नाही.
नियम कुणी केला ठाऊक नाही,
पण त्यानं उदगीर बघितलं असणार.

तो अर्धा तास कुठल्याच वहीत नसतो.
खाली मोंढ्यात तुरीची शेवटची गाडी रिकामी होते,
हमाल पोती मोजतात, एक आकडा चुकतो,
पुन्हा पहिल्यापासून.
चिद्रेवार चपला काढून तळवे चोळत बसतात.

हजेरीत वैजनाथअप्पांचं नाव अजून आहे.
जाऊन दोन वर्षं झाली.
तहकूब सभेत नाव कमी करता येत नाही,
आणि दुसरी सभा आमच्याकडं होत नाही.
त्यांच्यापुढं मी लिहितो: रजा मंजूर.

"हमालांच्या नळाला तोटी कुणी बसवली हो?"
जब्बारभाई विचारतात.
सकाळी मीही पाहिली. पितळी, नवी,
पाइपाला सुतळीचे वेढे
आणि साखरेचा पुडा बांधतात तसली गाठ.
चिद्रेवार तळवे चोळतात.

नऊ वाजले. तेच तिघं, आता पुरेसे.
चिद्रेवार टोपी घालतात. मी घसा खाकरतो,
मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून दाखवतो
ज्यांनी ते घडवलं त्यांनाच.

विषय सात: हमालांसाठी नळदुरुस्ती.
तीनदा मांडलेला, निधीअभावी तीनदा पुढं ढकललेला.
"मागं घ्या," चिद्रेवार म्हणतात.
"काहून?"
"गरज काय आता."

सूचक, अनुमोदक, सर्वानुमते.
खर्चाच्या रकान्यात मी 'निरंक' लिहितो.
चिद्रेवार वाकून बघतात, बराच वेळ.
"अक्षर लै भारी हाय तुमचं," म्हणतात.