डाव्या हाताचे खिळे

उम्म अल क्वैनच्या खोरात, ओहोटीनं उघड्या पडलेल्या चिखलावर
खल्फानच्या बापाचं जालबूत टेकूंवर उभं आहे.
पहाटे पाचला येतो आम्ही, मी आणि मांडवीचा जुसब.
साडेबाराला काम बंद करायचं, असा कायदा आहे.
ऊन त्याच्या आधीच सांगतं.

रंगाचे थर खरवडले. हिरवा, खाली निळा,
त्याखाली मुशीच्या तेलाचा वास,
साबणाला न जुमानणारा,
दुपारी खबूसमध्येही येणारा.
साग मात्र अजून खणखणीत. मोगरी मारली
की कळशीसारखा बोलतो.
खल्फान त्याला साज म्हणतो,
आणि माझ्या सुकाणूला सुक्कान.
एवढ्या भांडवलावर आमचं बोलणं चालतं,
बाकीचं बोटांनी.

नाळेपासून तिसऱ्या फळीत
पटाशी भाकरीत बोट जावं तशी गेली.
सागाच्या दोन फळ्यांमध्ये कुणी तरी
खोक्याचं लाकूड ठोकलेलं!
पांढरं, मऊ, कुजून काळं झालेलं,
वर पुट्टी, वर रंग. झाकली मूठ.

दोन दिवस मी त्या सुताराचा उद्धार केला.
त्याच्या रंध्याचा, त्याला शिकवणाऱ्याचा,
त्याला पगार देणाऱ्याचासुद्धा.
जुसब हसत राहिला.
तिसऱ्या दिवशी खिळे उपटताना हात थांबला.
सगळे एकाच अंगाला कललेले,
डावरा माणूस ठोकतो तसे.
जैतापूरला आबा मेस्त म्हणायचे,
तुझा खिळा मी काळोखातसुद्धा ओळखीन.

सोळा वर्षं झाली.
सागाची फळी दुबईहून शनिवारी यायची होती
आणि माझं विमान शुक्रवारचं.
टीव्ही चादरीत बांधून तयार, वर नाव घातलेलं.
एवढंच. त्यात काही मोठं दुःख नव्हतं.

जुसबला सांगितलं नाही.
शिव्या बंद झाल्या, त्यावरून कळलं असेल.
नवी फळी रात्री दिवा लावून बसवली,
वाफेवर वाकवून, दोनदा काढून, पुन्हा तासून.
तासांच्या वहीत ते तास मांडले नाहीत.
सांध्यांत तेलातला कापूस भरला
अंगठा बधिर होईस्तोवर,
बुडाला चरबी आणि चुना.

काल भरतीला उतरवलं.
गळलंच.
दोन उन्हाळे वाळलेलं लाकूड
पाणी प्यायल्याशिवाय फुगत नाही,
फुगल्याशिवाय मिटत नाही.
खल्फान पाण्याकडे बघून पांढरा पडला.
मी म्हटलं, सबर.
हाही शब्द निघाला दोघांचा.

आता रात्रीचे दोन.
तळाशी बसून तुपाच्या डब्यानं पाणी उपसतोय.
पहिल्या तासाला शंभर डबे,
मग सत्तर. आत्ता एकेचाळीस.
मध्येच तिसऱ्या फळीला कान लावतो.
बाहेर तिवरांत काहीतरी फडफडतं,
आत थेंब पडतो, वेळ घेतो,
परत पडतो.
डावा हात भरून आलाय.
येऊ दे.