दोन कारबोरेटर, एक कान

एमजीचं मूळ इंजिन गेलं ब्लॉकला तडा जाऊन.
वेल्डिंगवाल्यानंही हात जोडले.
मग पास्कू मिस्त्रीनं लिलावातनं उचललं
अ‍ॅम्बॅसॅडरचं. पांढरी, खिडक्यांना पडदे,
सातारा जिल्हा परिषद.
"खानदान एकच," तो म्हणाला,
"एक भाऊ शर्यतीला गेला,
एक सरकारी नोकरीत चिकटला."

माझगावच्या शेडमध्ये बोल्टाला बोल्ट बसला.
वर दोन कारबोरेटर, एमजीचेच,
पितळ घासून,
डॅशपॉटात शिलाई मशीनचं तेल घालून.
किल्ली फिरवली.

खोकलं.
पुन्हा खोकलं.
मग लागलं एकदाचं, पण
पुढचे दोन सिलिंडर धावत सुटलेले
आणि मागचे दोन
अजून फाईल शोधतायत.

पास्कूचा उजवा कान गेलाय.
तरुणपणी गोदीत, जहाजांच्या पोटात बसून
जेवढी रिबिटं ठोकली
ती सगळी त्या कानात आहेत.
उरला डावा. त्याच्यात रबरी नळीचं एक टोक,
दुसरं पुढच्या कारबोरेटरच्या तोंडाशी:
स्स्स्स्स्.
मग मागच्या:
स्स्स्.
मध्ये दीड सेकंद.
त्या दीड सेकंदात पहिला आवाज
इकडून तिकडे न्यायचा,
ओंजळीतून तेल न्यावं तसा.

मी म्हटलं, मागचं मी ऐकतो.
"दोघांनी ऐकलं तर दोन गाड्या होतील."
आणि स्क्रू पाव आटा सोडला.
पुन्हा नळी. पुन्हा पाव. त्याचा अर्धा परत.

थ्रिटीबाई रोज चारला यायच्या,
टायरवर वर्तमानपत्र घालून बसायच्या.
काही विचारायच्या नाहीत.
पर्समधून लिमलेटच्या गोळ्या काढून
एक मला, एक त्याला.

तिसऱ्या दिवशी प्लग काढले.
पुढचे खारीच्या रंगाचे, भट्टीतून आत्ता निघाल्यासारखे.
मागचे काळेकुट्ट.
"जास्त पितोय," पास्कू म्हणाला,
"दौऱ्यावरची सवय."

रविवारी पहाटे हाजी बंदरच्या रस्त्यानं.
ट्रक झोपलेले, क्लीनर ट्रकांखाली झोपलेले.
मी चालवत होतो, तो डावा कान बॉनेटकडे करून
तिरका बसलेला.
दोन हजार. अडीच.
तीन हजारावर
फट्.
कारबोरेटर थुंकला.

गोदामाच्या भिंतीशी थांबलो.
पास्कूनं सुई काढली. करंगळीएवढी, निमुळती.
मधेच जाड होती, तिथं गाडी उपाशी राहत होती.
खिशातून झिरो नंबरचा पेपर,
त्याच्या चिमटीत सुई,
आणि रोझरीचा मणी सरकवावा
तशी फिरवत राहिला. मग दुसरी,
बोटांनीच मापून.
"जास्त घासली गेली तर?"
"तर जास्त. पितळ परत उगवत नाही."

तीन हजार. साडेतीन.
फट् नाही.
चार, आणि माझ्याच घशातून काहीतरी आवाज निघाला.

थ्रिटीबाई मागून टॅक्सीनं आल्या होत्या.
उतरल्या, बॉनेटवर तळवा ठेवून उभ्या राहिल्या बराच वेळ.
"सोलीची अशी वाजत नव्हती."
"सोलीशेटचं इंजिन भंगारात गेलं बाई,"
पास्कू म्हणाला, "हे साताऱ्याचं."
मला वाटलं, आता रडतील.
त्यांनी चपला काढून सीटमागे टाकल्या,
मला हातानं बाजूला सारलं, आत बसल्या.
"मग साताऱ्याला दाखवून आणते एकदा."
आणि गेल्या.

पहिला. दुसरा. तिसरा गिअर जरा उशिरा.
मी श्वास धरून ऐकत होतो
मिठागराकडून येणाऱ्या वाऱ्यात
तो आवाज बारीक होत जाताना,
आणि पास्कूनं मात्र
नळी गुंडाळून खिशात घातली,
चांगला कान रस्त्याकडून फिरवला,
चहावाल्याकडे केला.